बोटांना ऐकू येणारा खटका

घराबाहेर पडताना आपण कुलूप लावतो, एकदा ओढून बघतो आणि निघतो. कुलपाशी आपला संबंध एवढाच. चावीचे दाते वर-खाली का असतात, शेजाऱ्याची चावी आपल्या दाराला का लागत नाही, कुलूप 'चांगलं' आहे म्हणजे नेमकं काय आहे, हे प्रश्न आपल्याला सहसा पडत नाहीत. काही माणसांना मात्र ते पडतात. ही माणसं संध्याकाळी चहाचा कप बाजूला ठेवून, शब्दकोडं सोडवावं तसं, स्वतःच विकत आणलेलं कुलूप चावीशिवाय सोडवत बसतात. या छंदाला लॉकपिकिंग म्हणतात, आणि त्याच्या स्पर्धा होऊ लागल्यापासून 'लॉकस्पोर्ट' असंही नाव पडलं आहे. जर्मनीत १९९७ साली अशा छंदिष्टांची रीतसर संघटना स्थापन झाली. नेदरलँड्समध्ये आणि अमेरिकेतही त्यांची मंडळं आहेत. या मंडळांमधून दोन नियम पहिल्याच दिवशी सांगितले जातात. एक, जे कुलूप आपलं नाही किंवा ज्याच्या मालकाची परवानगी नाही, त्याला हात लावायचा नाही. दोन, जे कुलूप वापरात आहे ते उघडायला घ्यायचं नाही, अगदी स्वतःच्या घराचं असलं तरी. पहिला नियम सज्जनपणाचा. दुसरा निव्वळ व्यवहाराचा आहे आणि त्याचं कारण पुढे येईलच.

आधी कुलपाच्या पोटात डोकावू. आज घरांच्या दारांना जी चपट्या, दातेरी चावीची कुलपं असतात, त्यातली बहुसंख्य 'पिन टंबलर' जातीची. त्यांची मूळ कल्पना फार जुनी आहे. प्राचीन इजिप्तमध्ये लाकडी खुंट्यांची अशी कुलपं होती. तिला आजचं आटोपशीर रूप दिलं ते अमेरिकेतल्या लायनस येल या बापलेकांनी, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. चपटी चावी ही धाकट्या येलची देणगी. या कुलपात एक फिरणारा गाभा असतो आणि त्याभोवती न फिरणारं कवच. दोघांना आरपार अशी पाच किंवा सहा छिद्रं एका रांगेत पाडलेली असतात. प्रत्येक छिद्रात एकावर एक अशा दोन पिना आणि त्यांच्यावर एक चिमुकली स्प्रिंग. चावी नसते तेव्हा स्प्रिंग पिनांना खाली दाबते, वरची पिन अर्धी कवचात आणि अर्धी गाभ्यात अडकून राहते आणि गाभा फिरत नाही. योग्य चावी घातली की तिचे दाते प्रत्येक जोडी बरोबर तेवढीच उचलतात, जेवढी उचलल्यावर दोन पिनांमधला सांधा गाभा आणि कवच यांच्या मधल्या रेषेवर येतो. सगळे सांधे एका रेषेत आले की अडसर संपला. एखादी पिन कमी उचलली तरी कुलूप उघडत नाही आणि जास्त उचलली तरी नाही.

हे सगळं कागदावर अभेद्य वाटतं. पाच पिना, प्रत्येकीच्या पाच-सहा शक्य उंच्या, म्हणजे हजारो वेगवेगळ्या चाव्या झाल्या. अंदाजपंचे उघडायला गेलं तर माणूस म्हातारा होईल. पण कुलूप कागदावर नसतं, ते कारखान्यात तयार होतं. छिद्रं पाडणारं यंत्र कितीही नेमकं असलं तरी पाचही छिद्रं तंतोतंत एका सरळ रेषेत पडत नाहीत. मिलिमीटरच्या काही शतांश भागांचा फरक राहतोच. त्यामुळे गाभ्याला फिरवण्यासाठी हलका जोर दिला की पाचही पिना एकाच वेळी अडकत नाहीत. सगळ्यात बाहेर कललेल्या छिद्रातली एकच पिन आधी अडकते, बाकीच्या मोकळ्या असतात. ती अडकलेली पिन हळूच वर ढकलली की तिचा सांधा रेषेवर येतो, गाभा केसभर फिरतो आणि वरची पिन त्या केसभर काठावर टेकून राहते, पुन्हा खाली येत नाही. आता दुसरी पिन अडकते. तिचंही तसंच. हजारो शक्यतांचं कोडं अशा रीतीने पाच छोट्या कोड्यांत फुटतं. लॉकपिकिंगचं सगळं विज्ञान एवढंच आहे: कारागिरीतली अटळ चूक शोधायची आणि तिच्यावर उभं राहायचं.

म्हणूनच या छंदाला अवजारं दोनच लागतात. एक गाभ्यावर जोर देण्यासाठी, एक पिना उचलण्यासाठी. ऑनलाइन दुकानांत मात्र तीस-तीस अवजारांचे संच मिळतात, रंगीत मुठींचे, चामड्याच्या पाकिटातले. नवशिक्या ते बघून भुलतो. त्यातली पंचवीस अवजारं आयुष्यात वापरली जात नाहीत आणि स्वस्त संचातल्या पट्ट्यांच्या कडा एवढ्या खरखरीत असतात की पिनेचा स्पर्श जाणवण्याऐवजी त्यांचीच कुरकुर जाणवते. घ्यायचंच तर पिना उचलणाऱ्या पट्ट्यांपैकी (त्यांना पिक म्हणतात) एक आखूड टोकाचा हूक, एक जरा उंच हूक आणि एखादा नागमोडी टोकाचा रेक. बस. पोलादाची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. अरुंद भोकासाठी याहून थोडी पातळ, रुंद भोकासाठी थोडी जाड. फार पातळ पट्टी वाकते. फार जाड पट्टी आत वळत नाही. पट्टीची चारही अंगं गुळगुळीत हवीत. नसतील तर बारीक पॉलिश पेपरने ती घासून घ्यायला एक दुपार पुरते आणि नवीन संच घेण्यापेक्षा ती दुपार अधिक उपयोगी.

नवशिक्याचं सगळं लक्ष पिककडे असतं. खरी मेख आहे ती दुसऱ्या अवजारात, जोर देणाऱ्या वाकड्या पट्टीत. तिला टेन्शन रेंच म्हणतात. ही पट्टी भोकाच्या पिनांपासून दूरच्या टोकाला अडकवता येते, किंवा पिनांच्या बाजूच्या टोकाला. दूरच्या टोकाला लावली तर ती पिकची अर्धी जागा खाऊन टाकते. पिनांच्या बाजूला, पहिल्या पिनेच्या अलीकडे, चपटी पट्टी बसवली तर उरलेलं भोक मोकळं राहतं. शिकणाऱ्याला ही दुसरी पद्धत सोयीची, फक्त पट्टीची रुंदी भोकाला घट्ट बसणारी हवी. सैल पट्टी घसरते, आणि घसरली की मिळवलेल्या सगळ्या पिना टपाटप खाली येतात.

आणि जोर किती? इथेच बहुतेकांचं अडतं. कुलूप उघडत नाही म्हणून माणूस आणखी जोर लावतो. जोर वाढला की एकाऐवजी तीन-चार पिना एकदम अडकतात, कुणाची पाळी आधी आहे हे कळेनासं होतं आणि पिन वर ढकलायलाही जास्त ताकद लागते. पिकलेल्या चिकूवर डाग न पडता जेवढं बोट टेकवता येईल, तेवढाच भार पुरतो. उघडत नसेल तर जोर कमी करून पाहायचा, हा इथला पहिला धडा.

तंत्रं मुख्यतः दोन. रेक घेऊन तो पिनांवरून आत-बाहेर सरकवत राहायचं आणि नशिबाने सगळे सांधे जुळण्याची वाट बघायची, याला रेकिंग म्हणतात. स्वस्त कुलपं याने काही सेकंदांत उघडतात. पहिल्यांदा उघडलं की आनंद होतो, दहाव्यांदा उघडलं की कंटाळा येतो, कारण आत काय घडलं ते कळलेलंच नसतं. दुसरं तंत्र एकेक पिन शोधून उचलण्याचं. ते हळू आहे, चिडचिड करायला लावतं आणि शिकवतं तेच. माझं मत विचाराल तर रेक हे अवजार पहिल्या आठवड्यात कपाटात टाकून द्यावं.

सरावासाठी पारदर्शक कुलपं मिळतात. पिना वर-खाली होताना दिसतात, घरातल्या मुलांना यंत्र समजावून सांगायला ती छान. पण सरावाला ती फसवी असतात. डोळ्यांना दिसतंय म्हटल्यावर बोटं शिकत नाहीत. त्यापेक्षा साधं पितळी कुलूप बरं. त्याहून बरं ते, ज्यातल्या पिना काढता-घालता येतात. आधी एकच पिन ठेवून उघडायचं, मग दोन, मग तीन. एका पिनेचं कुलूप उघडण्यात कसली आलीय मजा, असं वाटेल. पण पिन जागेवर बसल्याचा खटका बोटाला कसा लागतो हे तिथेच कळतं, आणि एकदा कळलं की पाच पिनांच्या गर्दीतही तो ओळखू येतो.

हा खटका कानाला जवळजवळ ऐकू येत नाही. तो बोटांना कळतो, आणि तो कसा कळतो ही गोष्ट कुलपापेक्षाही गुंतागुंतीची आहे. आपल्या बोटांच्या टोकांत स्पर्शाचे वेगवेगळे ग्राहक असतात. मर्केल पेशींची टोकं सतत राहणारा दाब आणि कडा टिपतात. माइस्नर कणिका हलकी सरक आणि मंद थरथर टिपतात. त्वचेत खोलवर कांद्यासारखे पापुद्रे असलेल्या पॅसिनियन कणिका असतात. त्यांना वेगवान कंप कळतो, आणि सेकंदाला दोनशे ते तीनशे कंपनांच्या आसपास त्या सर्वांत तीक्ष्ण असतात. कुलूप उघडणारा माणूस या तिन्ही वाहिन्या एकाच वेळी वापरत असतो. अडकलेली पिन घट्ट लागते, मोकळी पिन स्प्रिंगसारखी मऊ लागते, हा दाबातला फरक. पिन जागेवर बसली की धातूच्या पट्टीतून एक बारीक थरकाप बोटापर्यंत येतो, तो कंप. आणि गाभा केसभर फिरला हे दुसऱ्या हाताच्या बोटाला पट्टीच्या सरकण्यातून कळतं. यांत्रिक दाबाचं विद्युत संदेशात रूपांतर करणारी प्रथिनं, पिएझो १ आणि पिएझो २, आर्डेम पाटापुटियन यांच्या प्रयोगशाळेने शोधली आणि २०२१ सालच्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा त्यासाठी होता. मर्केल पेशींना दाब कळतो तो यातल्या पिएझो २ मुळे.

गंमत अशी, की काही दिवसांच्या सरावानंतर स्पर्श बोटाशी जाणवेनासा होतो आणि पट्टीच्या टोकाशी जाणवू लागतो. अंध व्यक्तीला रस्त्याचा खडबडीतपणा काठीच्या मुठीत नव्हे तर टोकाशी 'लागतो', सुगरणीला झाऱ्याच्या टोकाने पुरी तळली गेल्याचं कळतं, तसंच हे. मात्र पट्टी मुठीत आवळून धरली की ही संवेदना बोथट होते. पेन धरतो तशी, तीन बोटांत, सैल धरावी.

स्वस्त कुलपांनंतर छंदिष्ट ज्याच्याकडे वळतात ती कुलपं मुद्दाम खोटं बोलणारी असतात. त्यांच्यातल्या वरच्या पिना सरळ नळीसारख्या नसतात, दोऱ्याच्या रिळासारख्या मध्ये बारीक असतात. अशी पिन अर्धवट उचलली की तिची खाच रेषेवर येते, गाभा बराचसा फिरतो आणि माणसाला वाटतं, उघडलं! उघडलेलं काहीच नसतं. आता पिन आणखी उचलायची तर गाभा किंचित उलटा फिरतो आणि त्या वेळी रेंचवरचा जोर अगदी बेताने सोडावा लागतो. जास्त सोडला तर सगळंच ढासळतं. पुढे जायचं असेल तर हातातलं थोडं सोडावं लागतं ही गोष्ट पचायला इथे अनेकांना आठवडे लागतात.

आता मोठा प्रश्न. ही विद्या अशी उघडपणे सांगावी का? चोर शिकणार नाहीत का? हा वाद नवा नाही, त्याला पावणेदोनशे वर्षं होत आली. १८५१ साली लंडनला जागतिक प्रदर्शन भरलं होतं. तिथे आल्फ्रेड हॉब्ज हा अमेरिकन कुलूपवाला आपल्या कंपनीचं कुलूप दाखवायला आला होता. इंग्रजांना दोन कुलपांचा फार अभिमान होता. एक चब कंपनीचं 'डिटेक्टर' कुलूप. त्यात कुणी ढवळाढवळ केली तर एक लिव्हर अडकून बसे आणि मालकाला चावी लावताना ते कळे. हॉब्जने ते साक्षीदारांसमोर सुमारे २५ मिनिटांत उघडलं. दुसरं ब्रामा यांचं कुलूप. ते पिकॅडिलीतल्या दुकानाच्या खिडकीत अनेक दशकं ठेवलेलं होतं आणि उघडणाऱ्याला २०० गिनींचं बक्षीस जाहीर केलेलं होतं. हॉब्जने त्यावर १६ दिवसांत मिळून ५१ तास काम केलं आणि तेही उघडलं. वर्तमानपत्रांत गदारोळ झाला. लोकांची झोप उडवल्याबद्दल हॉब्जवर टीका झाली. त्याचा युक्तिवाद साधा होता: लबाडांना हे आधीच ठाऊक असतं, ठाऊक नसतं ते प्रामाणिक माणसांना. पुढे धाकट्या येलने हॉब्जच्या कंपनीचंही कुलूप उघडून दाखवलं, हे बरं झालं. आजची कुलपं जी काही बरी आहेत ती या भांडणांमुळे.

या वादातला दुसरा किस्सा भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांचा. अणुबॉम्बच्या प्रकल्पावर लॉस अलामॉसला असताना त्यांना कुलपांचा नाद लागला. गोपनीय कागदांच्या तिजोऱ्यांचा कप्पा उघडा असताना आकड्यांची तबकडी फिरवून पाहिली तर जोडणीतले शेवटचे दोन आकडे काढता येतात, हे त्यांच्या लक्षात आलं. ओक रिजला त्यांनी एका कर्नलना त्यांचीच तिजोरी उघडून दाखवली आणि सांगितलं की काम करताना तिजोरी उघडी ठेवू नका असं सगळ्यांना कळवा. पुढच्या खेपेला गेले तर लोक त्यांना खोलीत येऊ देईनात. कर्नलनी परिपत्रक काढलं होतं. फाइनमन ज्यांच्या ज्यांच्या खोलीत येऊन गेले, त्या सगळ्यांनी आपल्या तिजोरीचे आकडे बदलावेत! दोष दाखवणारा माणूस हाच दोष, हा समज किती घट्ट असतो ते यातून दिसतं. फाइनमन यांनी हे सगळं आपल्या आठवणींत मिश्कीलपणे लिहून ठेवलं आहे.

आपल्याकडे या गोष्टीला वेगळा रंग आहे. १८९७ साली अर्देशीर गोदरेज यांनी मुंबईत कुलपांचा कारखाना काढला तेव्हापासून आपल्या दारांवर लटकणाऱ्या कुलपांत लिव्हरच्या कुलपांचं राज्य राहिलं आहे. जड, पितळी, '६ लिव्हर', '७ लिव्हर' असं कोरलेली. त्यात पिना नसतात. चपट्या पट्ट्या एकावर एक रचलेल्या असतात आणि प्रत्येकीतली खाच ठरावीक उंचीवर आली तरच खटका सरकतो. वर सांगितलेल्या अवजारांचा त्यांना उपयोग नाही. त्यांची अवजारं वेगळी आणि सवयही वेगळी, म्हणून छंदाची सुरुवात त्यांच्यापासून करू नये. लिव्हर जास्त म्हणजे कुलूप भारी हा हिशोब मात्र अर्धाच खरा आहे. पट्ट्या किती बेताने कापल्या आहेत, कडी कशाची आहे आणि कोयंड्याचे स्क्रू किती खोल गेले आहेत, हे आकड्याइतकंच महत्त्वाचं. घरफोडी करणारा बहुतेक वेळा कुलपाशी खेळत बसत नाही. तो कोयंडाच उचकटतो. ५१ तास बसायला त्याला वेळ नसतो.

आणि चावी हरवली की आपण ज्याला बोलावतो तो कोपऱ्यावरचा चावीवाला? त्याच्या हातात असते ती एक कोरी चावी आणि कानस. कोरी चावी तो कुलपात घालतो, जरा फिरवून हलवतो, बाहेर काढून उजेडात तिरकी धरतो. अडकलेल्या पिनांनी पितळेवर बारीक ठिपके उमटवलेले असतात. तेवढ्याच जागी दोन हात कानस मारतो, पुन्हा घालतो, पुन्हा बघतो. जिथे पिनेचा सांधा रेषेवर आला तिथे ठिपका उमटायचा थांबतो. परदेशात याला 'इम्प्रेशनिंग' म्हणतात आणि त्याच्या वेळ लावून स्पर्धा होतात. आपल्याकडे तो मोडक्या छत्रीखाली बसून करायचा रोजचा धंदा आहे. कुलूप उघडतं, वर चावीही तयार होते. ज्याला हा छंद खरोखर शिकायचा आहे त्याने अशा माणसाचे हात एकदा नीट पाहावेत.

कायद्याची बाजू मात्र गंभीरपणे घ्यायला हवी. जपानमध्ये २००३ च्या कायद्याने अशी खास अवजारं सबळ कारणाशिवाय बाळगायलाच बंदी आहे. आपल्या राज्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १२२ लक्षात ठेवावं. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात घरफोडीचं साधन जवळ सापडलं, तर ते का बाळगलं याचं रास्त कारण दाखवण्याची जबाबदारी बाळगणाऱ्यावर असते. 'छंद आहे हो' हे रात्री अकराला गस्तीवरच्या हवालदाराला पटवत बसण्यापेक्षा अवजारं घरातल्या टेबलाच्या खणातच ठेवावीत. खिशात, गाडीच्या डिकीत, कॉलेजच्या सॅकमध्ये नकोत. मुलांना शिकवत असाल तर पिनांच्या आधी हे सांगावं.

शरीराचे दोन-तीन मुद्दे. तासभर मान खाली घालून बसलं की मान आणि अंगठ्याचं मूळ दुखणारच, म्हणून कुलूप हातात धरण्यापेक्षा छोट्या शिकंज्यात, डोळ्यांच्या जरा खाली येईल असं अडकवावं आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी बोटं मोकळी करावीत. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांत वारंवार मुंग्या येत असतील, विशेषतः रात्री, तर तो सरावाचा थकवा समजून सोडून देऊ नये. मनगटात मज्जातंतू दाबला जात असण्याची शक्यता असते, डॉक्टरांना दाखवावं. कुलपं आणि चाव्या ज्या पितळेच्या असतात त्यात घडाई सोपी व्हावी म्हणून बऱ्याचदा थोडं शिसं घातलेलं असतं. सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय चिवड्याच्या डब्यात हात घालू नये, आणि लहान मुलांना चाव्या चोखायला देऊ नयेत. काही जण जुन्या हॅक्सॉ ब्लेडपासून स्वतः पट्ट्या घडवतात. घासताना चष्मा लावायचा आणि पट्टी तापून निळी पडण्याआधी पाण्यात बुडवायची, नाहीतर पोलादाची लवचीकता जाते.

राहिला तो दुसरा नियम, वापरातलं कुलूप सरावाला न घेण्याचा. पिना आणि गाभा बहुधा पितळेचे, पट्टी पोलादाची. शंभर वेळा खरवडल्यावर कडा झिजतात, स्प्रिंगा मुडपतात आणि एक दिवस खरी चावीही अडकते, तीही बहुधा रात्री, पाऊस पडत असताना. सरावाचं कुलूप सरावालाच ठेवावं. दाराचं कुलूप जड चालत असेल तर त्यात खोबरेल तेल ओतू नये, कारण तेलावर धूळ बसून त्याचा चिकट लेप होतो. पेन्सिलीच्या शिशाची, म्हणजे ग्रॅफाइटची, चिमूटभर पूड भोकात फुंकावी, आपलं तोंड दुसरीकडे वळवून, आणि चावी आठ-दहा वेळा आत-बाहेर करावी.